संजीवनीची भूक

"आक्का, ह्यो तिसरा डबा," वस्ताद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. आत यायची त्यांची पद्धत नव्हती. चपला बाहेर, एक हात चौकटीला आणि नजर माझ्या मागच्या फळीवर. फळीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा पत्र्याचा डबा होता. झाकण लावलेलं, आणि आत नुसता चुरा.

"उंदीर असतील," मी म्हणाले.

"उंदीर झाकण परत लावत न्हाईत."

लाडू मी वळलेले, डबा मी भरलेला, आणि आठ दिवसांत तीन वेळा तो कुणीतरी माझ्या नाकाखालून साफ केलेला. राग आला होता, पण त्याहून जास्त मी गोंधळले होते. अठरा पोरींना दिवसातून तीन वेळा पोटभर घालत होते. चोरून खायची गरज कुणाला पडावी?

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंदुराव खोत वस्तादांनी गावाबाहेरच्या माळावर मुलींची तालीम काढली होती. पत्र्याची मोठी शेड, एका बाजूला लाल मातीचा हौद, दुसऱ्या बाजूला मॅट, मागे पोरींच्या राहायच्या चार खोल्या, माझं स्वयंपाकघर आणि खुराकासाठी पाळलेल्या तीन म्हशी. नवरा गेल्यावर मी तिथं भाकऱ्या थापायला आले आणि सगळ्यांची कमळाक्का होऊन बसले. मातीत हुकूम वस्तादांचा आणि चुलीवर माझा.

"सापडली की घरी," जाता जाता वस्ताद म्हणाले. "कुणाची का पोरगी असंना."

ते उगाच म्हणत नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या बहिणीच्या मुलीला एका मोबाइलच्या चोरीपायी एसटीत बसवून दिलं होतं. बहीण अजून बोलत नव्हती. तालमीत चोरी म्हणजे घर, यात काना-मात्रा बदलायचा नाही.

आणि घोडामैदान जवळच होतं. वीस दिवसांनी राज्याच्या स्पर्धेची निवड चाचणी होती. वस्तादांची सगळी आशा एका पोरीवर होती, संजीवनी धनवडेवर.

संजू सतरा वर्षांची. एका जत्रेतल्या मैदानात वस्तादांनी तिला चार वर्षांपूर्वी पाहिली, तेव्हाच ते मला येऊन म्हणाले होते, "आक्का, पोरगी न्हवं ती, देवानं घडवून पाठवल्याली हाय." खोटं नव्हतं ते. दंड, पोटऱ्या, मांड्या, सगळं कोरून काढल्यासारखं. हातावरच्या शिरा अशा फुगलेल्या की लांबून मोजाव्यात. अंगावर चिमूटभर चरबी नाही. दहा-दहा वर्षं जोर-बैठका मारणाऱ्यांना जे अंग मिळत नाही, ते ही पोर आईच्या पोटातून घेऊन आली होती. गाल मात्र बसलेले, म्हाताऱ्या बाईसारखे. आम्ही म्हणायचो, मेहनतीनं वाळलीय.

खायची मात्र राक्षसासारखी. सकाळी दूध, तुपातला शिरा, बदामाची थंडाई, दुपारी दहा-बारा भाकऱ्या, संध्याकाळी पुन्हा तेच. पोरी तिला 'भस्म्या' म्हणून चिडवायच्या, तीही हसायची. वस्तादांना तर त्याचं केवढं कौतुक! "पैलवानाचं पोट हाय ते. खुराक वाढवा तिचा." मी वाढवला. इतर पोरींना एक पळी तूप, तर तिला तीन. सांगते ना, मला ती पोर आवडायची. ज्या बाईनं आयुष्यभर रांधलं, तिला ताट चाटूनपुसून खाणारं माणूस आवडणारच.

पण त्या वर्षी काही गोष्टींचा मेळ बसेना. ती मातीत लवकर दमायला लागली. तांब्यावर तांबे पाणी प्यायची. हातपाय सुक्या बोंबलासारखे आणि पोट मात्र पुढं आलेलं. मानेवर मळासारखा काळा, मखमली थर आला होता. लाडू चोरीला जात होते त्याच आठवड्यात मी तिला न्हाणीत बसवून बेसन आणि लिंबानं अर्धा तास घासलं. "आंघोळ करतीस का नुसती पाणी दाखवतीस गं?" म्हणून वर बोललेही. कातडी सोलवटून लाल झाली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काळं होतं तिथंच राहिलं.

वस्ताद डब्याचं बोलून गेले, त्याच दुपारी मी कोठीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दाराआड बसून राहिले. दोन ते चार पोरी झोपायच्या. कुणी येईना. तीनच्या सुमारास म्हशींना पाणी दाखवायला म्हणून गोठ्यात गेले, तर तिथं संजू बसलेली.

म्हशीसाठी शिळ्या भाकऱ्या आणि रात्रीचा भात एका घमेल्यात भिजत घातलेला असायचा. ती त्या घमेल्यापुढं उकिडवी बसून दोन्ही हातांनी खात होती. म्हैस दावणीला उभी राहून तिच्याकडं बघत होती.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तोंडावर एक दिली. "लाडू खाऊन भागलं न्हाई व्हय? आता मुक्या जनावराच्या तोंडचं पण? हावरे, लाज कशी वाटत न्हाई तुला?"

तिनं हात वर केला नाही. जिल्ह्यातल्या पोरींना उचलून आपटणारी पोर ती, माझ्यासारखीला तिनं एका हातानं बाजूला सारलं असतं. तोंडातला घास तेवढा गिळला.

"सकाळी किती खाल्लंस?" मी विचारलं.

"शिरा. दूध. मग जेवताना अकरा भाकरी."

"मग?"

"मग काय न्हाई, आक्का. पोट दुखतंय एवढं भरलंय. तरीबी भूक हाय."

"पोट भरलंय आणि भूक हाय? मला शेंडी लावतीस?"

"खरंच सांगतो, आक्का. मलाबी कळत न्हाई." ती आमच्याकडच्या पोरींसारखी करतो-सांगतो असंच बोलायची. "वस्तादांस्नी सांगू नका. घरी धाडतील. आई मला घरात घ्यायची न्हाई."

मला त्या वेळी काहीच समजेना. चोर पोरगी लाडू खाईल, काजू खाईल. आंबूस भिजलेली भाकरी का खाईल? मनात आलं, हिला कुणी करणी केलीय का? मग आलं, हिच्या पोटात जंत आहेत. मग आलं, ही मला नाटक करून दाखवतेय. तिन्ही विचार एकदम खरे वाटत होते. शेवटी मी तेच केलं जे सोपं होतं. संध्याकाळी वस्तादांना सांगितलं.

ते ऐकून घेत राहिले, मग खिशातून एक चिठ्ठी काढली. शेजारच्या तालुक्यातल्या एका पोरीच्या बापानं कुस्ती संघटनेकडं तक्रार दिली होती. धनवडेची पोरगी ताकदीच्या सुया टोचून घेते, बाईचं अंग असं असतं का, तिची तपासणी करा.

"आता मला सांगा, आक्का," ते म्हणाले, "चोरी, सुई, काय काय खरं धरू?"

शेडच्या कोपऱ्यात मारुतीची शेंदरी मूर्ती होती. वस्तादांनी संजूला तिथं उभं केलं. मी मागं होते.

"पायावर हात ठेव. सुई घेतलीस कधी?"

"न्हाई, वस्ताद."

"लाडू?"

"खाल्लं. तिन्ही डबं."

"दोन्ही खरं सांगतीस?"

"व्हय."

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. चोरानं अशी सरळ कबुली दिली की विचारणाऱ्याचीच पंचाईत होते. त्यांनी मिशी ओढली.

"सामान भर," शेवटी ते म्हणाले. "पण जायच्या आधी कोल्हापूरला जाऊन रक्त तपासायचं. चोरीचा डाग तुझा हाय, तो तू घेऊन जा. सुईचा डाग माझ्या तालमीवर नको."

संजू खाली बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "चाचणी झाल्यावर जातो, वस्ताद. तवर मारा, उपाशी ठेवा, कायबी करा." वस्ताद वळून चालू लागले. मी त्यांना आडवी जाऊन सांगायला हवं होतं की हिनं म्हशीचं खाल्लंय, हे चोरीचं लक्षण नाही. मला ते वाटतही होतं. पण तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वस्तादांच्या जीपनं कोल्हापूरला गेलो. संजूच्या मांडीवर तिची पत्र्याची ट्रंक. दवाखाना मोठा होता, आणि तिथं डॉक्टर सबनीस म्हणून बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, बारीक आवाजाच्या. वस्तादांनी त्यांना सुईचं सांगितलं. बाईंनी संजूला नुसतं पाहिलं आणि त्यांचे डोळे तिच्यावरून हलेनात. कधी तिच्या मानेकडं, कधी तळहातांकडं, कधी पोटाकडं. रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. मग तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरायला गेल्या. चिमटीत काही येईना, नुसती कातडी. मग त्यांनी माझा दंड धरला. माझ्याकडं काय, चांगली मूठभर आली. मी ओशाळले.

"हिचे आई-वडील नात्यातले आहेत का?" त्यांनी विचारलं.

"मामाचीच मुलगी केली हुती बापानं," वस्ताद म्हणाले. "आमच्याकडं करत्यातच की. का ओ?"

"पाळी?"

संजूनं मान हलवली. आलीच नव्हती. चार वर्षं एका छपराखाली राहून हे मला ठाऊक नव्हतं.

"आणि खाण्यात काय असतं हिच्या?"

मला वाटलं, आता माझी वेळ. मी फुशारकीनं सांगत सुटले. दोन लिटर दूध, घरच्या लोण्याचं तूप, बदाम, शिरा, तिन्ही वेळा. "कशालाच कमी केलं न्हाई, बाई. माझ्या लेकीला घातलं नसतं तेवढं घातलं." डॉक्टरबाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवला.

तासाभरानं त्यांनी आम्हाला पुन्हा आत बोलावलं. हातात काचेची नळी होती, संजूच्या रक्ताची. खाली लाल गाळ बसलेला आणि वर बोटभर पांढरं. तीस वर्षं मी दूध तापवतेय, मला कुणी सांगायला नको. ती साय होती.

"ह्यात दूध पडलं का काय?" मी विचारलं.

"दूध नाही, स्निग्धांश आहे. चरबी. हिच्या रक्तातून वाहतेय. साखर चारशेच्या वर आहे. लिव्हर चरबीनं भरून दुप्पट झालंय."

वस्ताद हसले. खरंच हसले. "बाई, तुमची नळी बदलली. हिच्या अंगावर औषधाला चरबी न्हाई. आणि साखर म्हंजे म्हाताऱ्या, जाडजूड लोकांचा आजार. ही पैलवान हाय."

"नळी हिचीच आहे. आणि सुईबिई काही घेतलेली नाही, ते मी लिहून देते."

"मग चरबी हाय का न्हाई, ते एकदा ठरवा की!"

मला वस्तादांची चूक वाटेना. डॉक्टरबाई सांगत होत्या ते उलटसुलट होतं. चरबी नाही म्हणून चरबी झालीय, भरपूर खाल्लंय म्हणून उपाशी आहे. माझा गोंधळ बाईंना दिसला असावा. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आक्का, तालमीची कोठी तुम्ही सांभाळता ना? पीठ किती उरलंय हे वस्तादांना कोण सांगतं?"

"मीच."

"आपल्या अंगातली चरबी म्हणजे तशी कोठी. लोकांना वाटतं, ते नुसतं ओझं आहे. तसं नाही. ती साठवते आणि मेंदूला निरोपही पाठवते, की भरपूर आहे, आता थांब. त्या निरोपाला लेप्टिन म्हणतात. चरबीतच तयार होणारं संप्रेरक आहे ते. संजीवनीच्या अंगात ही कोठी जन्मापासून बांधलीच गेली नाही. निरोप पाठवायला कुणी नाही. पोटात अकरा भाकऱ्या असल्या तरी मेंदूला वाटतं, घरात दाणा नाही."

"आणि मी घातलेलं तूप?"

"कोठी नसली तर पोती कुठं ठेवाल? जागा मिळेल तिथं. लिव्हरमध्ये, रक्तात. साखर त्यामुळेच वाढली. मानेवरचा काळेपणाही त्यातलाच."

मी संजूच्या मानेकडं पाहिलं. लिंबानं सोलल्याची खपली अजून होती. माझ्याच्यानं बघवेना.

वस्ताद मात्र अजून हार मानत नव्हते. "आणि ह्ये दंड? ह्या शिरा?"

"स्नायू आहेत, चांगले आहेत. पण तुमच्या बाकीच्या मुलींनाही असतात. त्यांच्यावर पातळ पांघरूण असतं, हिच्यावर नाही. म्हणून एवढे दिसतात."

वस्तादांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं मातीत घालवलेला माणूस, पैलवान पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्यांनी देवाची देणगी म्हणून जे उचललं होतं तोच आजार निघाला होता. त्यांनी अगदी हळू विचारलं, "निवड चाचणी हाय. वीस दिवसांनी."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता नाही आणि पुढंही नाही. एवढं सुजलेलं लिव्हर घेऊन पोटावर कुणी आदळलं तर आतच फुटेल. तूप, तेल, साखर बंद. मोजून जेवण, इन्शुलिन आणि गोळ्या. तो निरोप बाहेरून टोचून देता येतो, परदेशात त्यावर औषध आहे. मी अर्ज करीन, पण कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर भूक राहील. ती हिला सोसावी लागेल."

ते औषध मिळायला पुढं पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत मी तिला मोजून दोन भाकऱ्या वाढत होते आणि ती माझ्या परातीकडं बघत उठत होती. वस्तादांनी तिला घरी पाठवलं नाही, तालमीतच लहान मुलींना शिकवायला ठेवलं. पण त्या दिवशी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. वस्ताद डोक्याला हात लावून बसले होते. मी मनातल्या मनात तुपाच्या पळ्या मोजत होते. संजूचं काय चाललंय हे कुणी बघितलंच नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली. आत आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून बोलली. मला वाटलं, कुस्तीचं विचारेल. "म्हंजे मी हावरी न्हाई?"

"नाही गं. अजिबात नाही."

"ह्ये माझ्या आईला सांगाल? फोनवर. मी सांगितलं तर तिला पटायचं न्हाई."

बाई नंबर लिहून घेत होत्या. संजूनं कागद धरायला हात पुढं केला, तेव्हा त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली. दोन्ही मनगटांना कडं घातल्यासारखा गुळगुळीत, पांढरट वण होता. मी तो रोज पाहायची. मला वाटायचं, लाकडी मुदगल फिरवून पडला असेल.

"हे कशानं?"

"जेवण झालं की आई खांबाला बांधायची. न्हाईतर मी चुलीतलं बी काढून खायचो." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. "मारायची बी. तिचा काय दोष? धाकट्यांचं बी मीच खायचो."

फोन लागला. डॉक्टरबाईंनी आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं, अगदी सावकाश, कोठी, निरोप, मेंदू, सगळं. पलीकडून मधूनमधून "व्हय" येत होतं. मागं कुठंतरी गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. बाई शेवटी म्हणाल्या, "ही हावरी नव्हती, तिला खरोखरच भूक लागत होती. जन्मल्यापासून."

पलीकडचं "व्हय" थांबलं. मला वाटलं, फोन कटला. संजू पुढं वाकून म्हणाली, "आई? ऐकलंस का?"

"ऐकलं," ती बाई म्हणाली. मग असा आवाज आला की तो बोलण्याचा आहे का रडण्याचा, ते समजेना. "मग मी तुला एवढं मारलं कशापायी गं?"

संजूनं आमच्याकडं पाहिलं. आधी वस्तादांकडं, मग माझ्याकडं. उत्तर आमच्यापैकी कुणाकडं असेल असं तिला वाटलं असावं. मी मान खाली घातली.